छातीतली सुई

मास्तरांचं दुकान जिन्याखाली होतं. एक शिलाईमशीन, एक कापायचं टेबल, एक उभा आरसा आणि मास्तर, एवढंच त्यात मावे. गिऱ्हाईक आलं की कुणाला तरी बाहेर व्हावं लागे, आणि मशीन जड असल्यामुळे मास्तरच होत. नवे कपडे शिवून घेणारे आता फारसे उरले नव्हते. कुणाची पँट कमरेत सैल कर, कुणाच्या बाह्या आखूड कर, असली कामं यायची. कुणाचं पोट सुटलंय हे त्याच्या बायकोच्या आधी मास्तरांना कळे, पण त्यांच्या तोंडून कधी ब्र निघाला नाही.

काम थांबलं की सुई शर्टावर, छातीच्या डाव्या बाजूला खोचून ठेवायची, ही त्यांची शिकाऊ असल्यापासूनची सवय. इतर माणसं तिथे पेन अडकवतात, मास्तर सुई अडकवत. याच सवयीने त्यांचा पुढे असा काही घात केला की विचारता सोय नाही.

मास्तरांचं लग्न उशिरा झालं. बायको परदेशात, म्हाताऱ्या माणसांच्या रुग्णालयात नर्स होती. सुट्टीवर आली असताना एक कोट कमी करून घ्यायला ती दुकानात आली. आठवड्याने तोच कोट आणखी थोडा कमी करायला आली. मग आणखी थोडा. शेवटी कोटात कमी करण्यासारखं कापडच उरलं नाही, तेव्हा दोघांचा नाइलाज झाला आणि लग्नाचा विषय निघाला. लग्न करून ती कामावर परत गेली, आणि नवऱ्याला तिकडे नेण्यासाठी अर्ज दाखल झाला.

अर्ज भरायचं काम सासऱ्यांनी ओढून घेतलं. सासरे निवृत्त हेडक्लार्क. निवृत्तीनंतर त्यांच्यासमोर शेरा मारायला कुठलाच कागद येईना, म्हणून ते पेपरवाल्याच्या बिलावरसुद्धा 'तपासले' असं लिहून खाली तारीख घालत. व्हिसाच्या अर्जाचा गठ्ठा पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. "काय बारकाईने विचारलंय बघा जावईबापू! याला म्हणतात ऑफिस!" लग्न खरं आहे हे दाखवणारे फोटो जोडायचे होते. लग्नाच्या फोटोंत नवरा-बायको इतके गंभीर होते की पाहणाऱ्याला ती शोकसभा वाटावी. सासऱ्यांनी सबंध अल्बम पालथा घातला आणि एक हसरा फोटो काढला. त्यात नेमका सासऱ्यांचाच चेहरा मधे आला होता.

पुढच्या सुट्टीत बायको महिनाभर राहून गेली. ती परत गेल्यावर काही दिवसांनी तिचा फोन आला.

"अहो, बसलाय ना? आधी बसा."

"दुकानात बसू कुठे? स्टुलावर पँटी आहेत."

"मग टेबलाला धरा."

मास्तरांनी टेबल धरलं आणि बाप होणार असल्याची बातमी ऐकली. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा त्यांना हसू आलं आणि मग काळजीने घेरलं. ती तिथे एकटी राहत होती. अवेळी पोटात दुखू लागलं तर हाक मारायला भिंतीशिवाय कुणी नव्हतं. बाळ यायच्या आत आपण तिच्याजवळ पोचायचं, मग दुकान विकावं लागलं तरी बेहत्तर, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

आणि नशीब बघा, लगेचच वैद्यकीय तपासणीचं बोलावणं आलं. त्या देशाला मान्य असलेला डॉक्टर सबंध शहरात एकच. त्याच्या दवाखान्यात माणसं पहाटेपासून बसलेली असत आणि वाट पाहूनच त्यांचा रक्तदाब वाढे. मग तो वाढलेला रक्तदाब डॉक्टर काळजीपूर्वक लिहून घेई.

एक्स-रेच्या खोलीत मास्तरांना शर्ट काढून दवाखान्याचा झगा घालायला सांगितलं. झगा छातीवर उसवलेला होता. दुसरा कुणीही तसाच घालून मोकळा झाला असता. पण उसवलेलं अंगावर घालायचं म्हणजे मास्तरांना चारचौघांत उघडं फिरल्यासारखं वाटे. त्यांनी काढलेल्या शर्टावरची ओवलेली सुई घेतली, दोऱ्याला गाठ मारली, उसवलेल्या जागी पटापट टाके घातले आणि झगा चढवला. उरलेल्या दोऱ्यासकट सुई हाताच्या सवयीने कुठे गेली असेल, ते सांगायला नकोच.

एक्स-रे काढणारा गृहस्थ तेव्हा खांद्यात फोन धरून मेहुण्याशी फरशीविषयी बोलत होता. "श्वास घ्या… अरे तुला नाही, तू बोल… धरून ठेवा… पांढरी नको रे, डाग दिसतात… सोडा." मास्तरांनी श्वास सोडला, झगा कपड्यांच्या टोपलीत टाकला आणि घरी आले. संध्याकाळी आवडती सुई सापडेना म्हणून थोडे हळहळले आणि दुसरी ओवून कामाला लागले.

ते एक्स-रे दूरच्या दुसऱ्या शहरात एक बडे डॉक्टर वाचत. त्यांनी आयुष्यात पेशंट असा पाहिलाच नव्हता, फक्त त्याची आतली बाजू पाहिली होती. काही आठवड्यांनी पत्र आलं. सासऱ्यांनी चष्मा पुसून ते मोठ्याने वाचलं: "अर्जदाराच्या छातीत, हृदयालगत, धातूची टोकदार लांबट वस्तू आढळली आहे. सबब अर्ज स्थगित."

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "मामा, ती माझी सुई!"

सगळी हकीकत ऐकून सासरे गंभीर झाले. "म्हणजे सुई तुमच्या छातीत नाही."

"नाही ना!"

"पण कागदावर आहे," सासरे म्हणाले. "आता ती कागदावरून काढायला पाहिजे. छातीतून काढणं सोपं गेलं असतं."

मास्तर दवाखान्यात गेले. दुसरा एक्स-रे निघाला. या वेळी त्यांनी झगा फाटका असूनही दात-ओठ खात तसाच घातला. छाती स्वच्छ आली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला, आणि पुढचं पत्र येईपर्यंत तो तिथेच राहिला. पत्रात विचारलं होतं, की पहिल्या तपासणीत असलेली वस्तू दुसऱ्या तपासणीत नाही, तरी ती कुठल्या रुग्णालयात, कोणत्या सर्जनने काढली, त्याचे कागद जोडावेत.

"मुद्दा रास्त आहे," सासरे म्हणाले. "आणि भाषा बघा किती सुरेख!"

मास्तर एका सर्जनकडे गेले. सर्जन भला माणूस. तो म्हणाला, न केलेल्या ऑपरेशनचा दाखला मी देणार नाही. फार तर छातीवर ऑपरेशनची कसलीही खूण नाही, असं लिहून देतो. मास्तरांना वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. तो दाखला पाठवला आणि खोकला उलट छातीत उतरला. उत्तर आलं: ज्याअर्थी ऑपरेशन झालेलं नाही, त्याअर्थी वस्तू शरीरातच असून तिने जागा बदललेली दिसते. तरी डोक्यापासून पायापर्यंत सर्व शरीराचे एक्स-रे पाठवावेत.

मास्तरांनी मग वेगळाच मार्ग धरला. दवाखान्याचे कपडे जिथे धुवायला जात त्या लाँड्रीत ते गेले आणि चाचरत विचारलं, "मागे कधी एखाद्या झग्यात सुई सापडली होती का हो?"

लाँड्रीवाल्याने हातातली इस्त्री खाली ठेवली. "तो शहाणा तुम्ही काय?" त्याने अंगठा पुढे केला. "आठ दिवस सुजला होता! मी म्हटलं, दवाखान्यातली सुई, आता कुठला रोग लागतोय कुणास ठाऊक. बायको तर रडायलाच बसली."

मास्तरांनी त्याचे हात धरले. आयुष्यात कुणाचा सुजलेला अंगठा ऐकून कुणाला इतका आनंद झाला नसेल. त्यांनी पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं, तेव्हा कुठे लाँड्रीवाला पाघळला आणि त्याने सगळी हकीकत सही करून लिहून दिली. सासऱ्यांनी तिची ठेवणीतल्या भाषेत प्रत केली आणि पाठवली. उत्तर या वेळी चटकन आलं. निवेदन करणारी व्यक्ती मान्यताप्राप्त वैद्यकीय अधिकारी नसल्याने निवेदन विचारात घेता येत नाही.

शेवटी डोक्यापासून पायापर्यंत एक्स-रे निघाले. सुई कुठेच नव्हती, गुडघ्यातसुद्धा नव्हती. पण एवढं होईपर्यंत पोलिसांच्या चारित्र्याच्या दाखल्याची मुदत संपली. मास्तर आता चांगले गृहस्थ आहेत की नाहीत याबद्दल सरकारला नव्याने शंका आली. तो दाखला पुन्हा हाती येतो तोच वैद्यकीय तपासणीची मुदत संपली. पुन्हा तपासणीला गेले तर तो एकमेव डॉक्टर म्हणाला, "इतके एक्स-रे झालेल्या माणसाचा लगेच पुन्हा एक्स-रे काढणं तब्येतीला चांगलं नाही. मध्ये थोडा काळ जाऊ द्या."

"इतके एक्स-रे कुणी काढायला लावले, साहेब?"

"ते मी कसं सांगणार? ते वरचं ऑफिस."

इकडे बायकोचे दिवस भरत आले होते. फोनवर ती कसलीही तक्रार करत नसे, तेच मास्तरांना लागे. "जेवलात का?" एवढं विचारी आणि पायांवरची सूज कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून फोन वर धरी. मास्तरांनी पाहुणा म्हणून पंधरा दिवस जाण्याचा अर्ज केला. तो नाकारला गेला. कायमचं राहायला यायचा ज्याचा अर्ज पडून आहे, तो पंधरा दिवसांनी परत जाईल यावर विश्वास ठेवता येत नाही, असं कारण होतं. एवढं एक कारण मास्तरांनाही मनातून पटलं.

मुलगी झाली तेव्हा मास्तर एका गिऱ्हाइकाची पँट आखूड करत होते. बायकोच्या सोबतीला तिची एक मैत्रीण होती, तिने फोन बाळाजवळ धरला. मास्तरांनी जिन्याखाली उभं राहून आपल्या लेकीचं रडणं ऐकलं. ती थांबल्यावर यांचं सुरू झालं. आनंद झाला होता, आणि लाजही वाटत होती. बायको वेदनेत असताना आपण परक्या माणसाच्या पँटीचे पाय मोजत बसलो होतो, हे त्यांच्या मनातून जाईना. त्या पँटीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा चार बोटं आखूड झाला. गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही, उलट अभिनंदन केलं.

सासरे आणि मास्तर व्हिसाच्या खिडकीवर बातमी द्यायला गेले. खिडकीतल्या बाई मनापासून हसल्या. "अभिनंदन हं!" आणि त्यांनी एक नवा गठ्ठा पुढे सरकवला. कुटुंबाची सदस्यसंख्या बदलल्यामुळे कौटुंबिक माहितीचा भाग पहिल्यापासून भरायचा होता.

"आणि बाळाचा जन्मदाखला जोडा. त्यावर वडिलांची सही लागेल. ती तिथल्या कचेरीत, समक्ष."

"समक्ष जायला व्हिसा लागतो ना, बाई?" मास्तर म्हणाले.

"हो, लागतो तर," बाई म्हणाल्या. "त्यासाठीच हा दाखला मागतोय."

मास्तरांनी सासऱ्यांकडे पाहिलं. ते आता भाषेचं कौतुक करतील असं त्यांना वाटलं. सासऱ्यांनी गठ्ठा उलटसुलट केला, चष्मा काढला आणि डोळे पुसले. घरी येताना बसमध्ये गठ्ठा त्यांच्या मांडीवर होता. त्यावर त्यांनी काही लिहिलं नाही, आणि ते मास्तरांना बघवेना.

अखेर बायकोने वर्षाची सगळी सुट्टी एकदम टाकली. नवऱ्याला तिकडे नेता येत नाही, तर लेकीला इकडे आणू, असं तिने ठरवलं. आता लेक जन्माने तिकडची नागरिक. म्हणजे बापाच्या देशात यायला तिला व्हिसा हवा. आपलं सरकार काही मागासलेलं नाही. त्याच्याकडेही खिडकी आहे, गठ्ठा आहे. बाळाचा फोटो हवा होता, डोळे उघडे, तोंड मिटलेलं. तो काढता काढता बायकोच्या नाकी नऊ आले. यापूर्वी कुठल्या देशातून हद्दपार केलं गेलं आहे का, असा प्रश्न होता. लेकीला दातही आले नव्हते. बायकोने 'नाही' लिहिलं आणि बाळाच्या अंगठ्याला शाई लावली.

ठरल्या दिवशी मास्तर विमानतळावर लोखंडी कठड्याला चिकटून उभे होते. ढकलगाडीमागून बायको आली. वाळली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिच्या खांद्यावर पेंगुळलेली लेक होती. मास्तरांनी लेकीला घेतलं. हजारदा फोनवर पाहिलेली, पण तिला वजन आहे हे त्यांना आज कळलं. ती जागी झाली, तिने या अनोळखी माणसाकडे नीट पाहिलं आणि भोकाड पसरलं.

"रडू दे हो, होईल सवय," बायको म्हणाली. मग तिला हसू फुटलं. "तिचा व्हिसा बघितलात का? खिडकीवरचा माणूस विचारतो, येण्याचा उद्देश काय? म्हटलं, बापाला भेटायचंय. त्याने सगळे रकाने शोधले बिचाऱ्याने. व्यापार होता, उपचार होता, परिषद होती. बाप काही सापडेना. मग त्याने पर्यटन लिहिलं."

"पर्यटन?"

"हो. तुमची लेक पर्यटक आहे. महिनाभर. कामधंदा करायची परवानगी नाही." हसता हसता तिने लेकीचं झबलं सारखं केलं. "सांगा, कुठे फिरवणार मग तिला?"

लेक अजून रडत होती, आणि ते तिला थोपटत होते.

"घरी," ते म्हणाले.