परत आलेल्यांचं टेबल

माझी मावशी वाचनालयात पुस्तकं पुसायची. भिंतीवर रंगवलं होतं, 'वाचाल तर वाचाल'. मावशीनं त्यात स्वतःपुरता बदल केला होता: वाचाल तर वाचेल. म्हणजे पुस्तक. मागच्या ओलसर खोलीत कुणी नावही न ऐकलेल्या लेखकांची पुस्तकं होती, आणि ज्याला वर्षभर कुणी हात लावला नाही ते रद्दीत, असा समितीचा नियम होता. लोक मावशीला पुस्तकी किडा म्हणायचे. तेव्हा आम्हालाही हसू यायचं.

माणसं मेंढरं असतात, हे तिनं बरोबर ओळखलं होतं. कपाटातलं पुस्तक कुणी उघडत नाही. पण दाराजवळच्या टेबलावर, कुणीतरी नुकतंच परत केलेलं दिसलं, की त्यावर उड्या पडतात. म्हणून ती रोज मागच्या खोलीतली थोडी पुस्तकं गुपचूप त्या टेबलावर ठेवायची. दुपारपर्यंत टेबल साफ. विहिरी खोदणाऱ्यांवरचं एक पुस्तक तर अख्ख्या गल्लीत फिरलं. मलाही चटक लागली ती तिथूनच. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

मग एक दिवस शिंपी पुस्तक परत घेऊन आला. "मावशी, पुस्तक झकास आहे हो, पण यातून पीठ कसलं गळतंय?"

पुठ्ठ्यावर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं होती. "म्हातारपणी काहीतरी गळायचंच," मावशी म्हणाली. सगळे हसले. तिनं पुस्तक घाईघाईनं पदराआड घेतलं, ते फक्त मला दिसलं.

मी तिच्या मागोमाग खोलीत गेले. फळीफळीवर पिवळट भुकटी साचली होती.

"तुला माहीत होतं?"

"बऱ्याच दिवसांपासून."

"आणि तरी टेबलावर ठेवतेस? घराघरांत पोचेल ही कीड!"

"समितीला कळलं तर अख्खी खोली जाळतील गं. निघतील तेवढी निघू देत. तू ब्रही काढायचा नाहीस."

दुसऱ्या दिवशी टेबल पुन्हा भरलं. नर्सबाई दोन पुस्तकं कवटाळून खुशीत घरी गेल्या. त्यांच्या घरात पाळणा होता, लाकडी.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या कपाटाखाली तीच भुकटी दिसली. माझे वडील सुतार. जन्मभर लोकांची घरं सजवली आणि स्वतःसाठी केलं ते हे एकच कपाट. ते गेल्यावर आईनं ते जिवापाड जपलं होतं. मावशीच्या टेबलावरून आणलेलं पुस्तक उचलून मी फळीवर बोट दाबलं तर बोट आत गेलं. वर पाहिलं, तर छताच्या तुळईलाही भोकं.

मावशीला बोलावून घेतलं. ती उकिडवी बसली, फडक्यानं भुकटी पुसली, तुळईकडे बराच वेळ बघत राहिली. मी रागानं रडत होते.

"वाचलं का?" तिनं हळूच विचारलं.

"आता कसलं वाचतंय! पार पोखरलंय."

"कपाट नाही गं," मावशी म्हणाली, "पुस्तक." आणि तिनं पिशवीतून दुसरं काढून माझ्यापुढे धरलं.