चाळीस टीव्हींचे मामा

आमचे मामा घोरायला लागले की विश्रांतवाडीच्या सिग्नलवरच्या रिक्षा आपोआप बंद पडत. मी वाढवून सांगत नाही. उलट मामांची अब्रू राखायची म्हणून थोडं कमी करूनच सांगते आहे. इतकं गाढ झोपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि मामा होते तोवर आमच्या घराण्यातली सगळ्यांत मोठी, रंगीत, लांबलचक स्वप्नंही त्यांनाच पडत. निदान आम्ही तसं समजत होतो.

बुधवार पेठेत मामांचं टीव्हीचं दुकान होतं. भिंतभर चाळीस टीव्ही, चाळिसांवर एकच बाई एकाच वेळी रडते आहे, आणि समोर खुर्चीत मामा शांतपणे पेपर वाचताहेत. घरी मात्र टीव्ही नाही. एखाद्या गिऱ्हाइकाला याचं नवल वाटलंच, तर मामा चष्म्यावरून त्याच्याकडे बघत. "अहो, दिवसाला चाळीस बघतो. एक्केचाळिसावा काय वेगळं दाखवणार आहे?" त्यावर गिऱ्हाईक बिचकलं, की म्हणत, "आपल्याला नको असेल तर राहू द्या. तो तुमच्यावाचून जगेल." एवढं बोलूनही त्या दुकानात टीव्ही कसे खपत, हे मला अजून कळलेलं नाही.

टीव्हीऐवजी मामांच्या घरी रविवार सकाळ होती. आम्ही त्याच इमारतीत एक मजला खाली राहायचो. बाबांची नोकरी फिरतीची, त्यामुळे आई आणि मी आठाच्या ठोक्याला वर. मामा खिडकीपाशी, त्यांचा मुलगा नंदू जमिनीवर लोळत, मामी ओट्याशी चहा गाळत. शेजारपाजारच्या घरांतून गाणी, बातम्या, जाहिराती यांचा कालवा चाललेला असायचा, आणि आमच्याकडे प्रत्येकाने आठवड्यातलं एक स्वप्न सांगायचं. नियम एकच होता आणि तो मामांनी केला होता: स्वप्नावर कुणी रागवायचं नाही.

आता अशा नियमाचा पुणेरी माणसं काय उपयोग करतील हे सांगायला नकोच. आई म्हणायची, "मला बाई स्वप्न पडलं. कुण्या एका मुलीने ओला टॉवेल पलंगावर टाकला. त्याला शेवाळ आलं, शेवाळात बेडूक झाले, आणि त्यातला एक बेडूक मला 'काकू' म्हणाला." सगळे माझ्याकडे बघायचे. मी त्या नियमाचं सोनं केलं ते अकरावीत. गणितात अठरा गुण मिळाले होते आणि गुणपत्रिका आठ दिवस दप्तराच्या तळाशी झोपली होती. रविवारी मी डोळे मिटून म्हटलं, "मला स्वप्न पडलं की एक कागद आहे आणि त्यावर अठरा राजहंस पोहताहेत. शंभरातले बाकीचे आलेच नाहीत." आईचा चेहरा लालबुंद झाला. मामांनी हात वर केला. "शोभा, स्वप्न आहे." आई दहा मिनिटं नुसती श्वास घेत बसली. मग म्हणाली, "मला असं स्वप्न पडणार आहे, की ती मुलगी उद्यापासून शिकवणीला जाते." मी गेले. पास झाले. घरात त्या गोष्टीवर आवाज म्हणून चढला नाही.

नंदूनेही इंजिनियरिंग सोडायचं असंच सांगितलं होतं. पण ते स्वप्न इतकं रडकं होतं, की मामा म्हणाले, "कॉलेज सोड, पण स्वप्नात जरा जीव ओत."

मामीची पाळी आली की ती पदराने कप पुसत म्हणायची, "मला कसली स्वप्नं! पडलं की झोप." मग आम्ही सगळे मामांकडे वळायचो.

आणि मामा सुरू व्हायचे. त्यांच्या स्वप्नात हडपसरहून एक बस निघाली होती. तीत नुसत्या बायका, प्रत्येकीच्या हातात पेटलेला दिवा, आणि कंडक्टर तिकीट न मागता प्रत्येकीला तिचं माहेरचं नाव विचारत होता. ज्यांना आठवलं नाही त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि त्यांची बस कधी थांबलीच नाही. एकदा आळंदी रस्त्यावर आभाळातून कापूस पडत होता. गुडघाभर साठला, आवाज सगळे बुडाले, आणि लोक दारं उघडून त्यात नुसते उभे राहिले. मामा सांगायचे तेव्हा त्यांचा तो दुकानातला तिरकस आवाज कुठे जायचा कोण जाणे. चहावर साय धरायची. कापसाचं ऐकल्यावर मी खाली जाताना जिन्यात पाऊल जपून टाकलं होतं, एवढं खरं.

मामी विदर्भातली होती, कापसाच्या गावची. आणि हडपसरच्या पुढे जग आहे यावर मामांचा विश्वास नव्हता. मामांच्या स्वप्नात इतका कापूस, इतकी माहेरं, इतकं दूध उतू जाणं कुठून येतं, असा प्रश्न आमच्यासारख्या हुशार लोकांना कधी पडला नाही.

पाच दिवसांच्या तापाने मामी गेली. तेरावा झाला आणि मामांनी दुकानातला सगळ्यांत मोठा टीव्ही घरी आणला. दाराएवढा. दुकान विकलं आणि खुर्ची त्याच्यासमोर ओढली. मग ते काहीही बघायला लागले. सोयाबीनवरची कीड, दागिन्यांच्या जाहिराती, कुठल्याशा भाषेतला स्वयंपाक. मी तोवर लग्न होऊन हडपसरला गेले होते, पण रविवारी यायचे. आम्ही चहा घेऊन बसायचो, आई तिचं स्वप्न सुरू करायची, आणि मामा रिमोटने आवाज वाढवायचे. नंदू बिचारा घरात एकटा त्यांच्याबरोबर. मला जिन्यात गाठून म्हणाला, "बाबा दोन महिने माझ्याशी 'जेवलास का' सोडून बोलले नाहीयेत. काहीतरी कर ना. थापा मारण्यात तू एक्स्पर्ट आहेस."

तेव्हा मी थाप मारली. "मामा, मला स्वप्न पडलं. मामी आली होती. म्हणाली, यांना सांग, तो डबा बंद करा."

मामांनी आवाज बंद केला. "तुझ्या स्वप्नात आली?"

"हो."

"काय नेसली होती?"

"हिरवं... हिरवं लुगडं."

"लुगडं ती जन्मात नेसली नाही." मामा माझ्याकडे बघून कसंनुसं हसले. "मारलीस ना? असू दे. मी तीस वर्षं मारली."

मग त्यांनी सांगितलं. त्यांना आयुष्यात एकही स्वप्न पडलं नव्हतं. डोकं टेकलं की अंधार, उठलं की उजेड. ती सगळी मामीची होती. ती पहाटे दूध तापवता तापवता सांगायची. चारचौघांत बोलायचं तिच्या जिवावर यायचं, म्हणून म्हणाली होती, तुम्हीच सांगा. "पहिल्यांदा मी सांगितलं, तुम्ही गप्प होऊन ऐकलंत. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती, पण कान लाल झाले होते तिचे. मग ते ठरूनच गेलं. आता माझ्याकडे सांगायला काय आहे? आणि ती कुणाच्या स्वप्नात येत असेल, तर माझ्या येणार नाही. माझ्याकडे ती सोयच नाही."

नंदू उठला आणि त्याने टीव्हीची वायर काढली. मामांनी रिमोट खाली ठेवला.

त्या आठवड्यापासून आम्ही मामांना स्वप्नं पुरवायला लागलो. मला जाग आली की दात घासायच्या आधी फोन, कारण चूळ भरली की निम्मं स्वप्न वाहून जातं. आई खालून वर जाऊन सांगायची. नंदूने एकदा सांगितलं, की ऑफिसातला लॅपटॉप बोहल्यावर उभा आहे. मामा म्हणाले, "फार गरीब स्वप्न आहे. मुंडावळ्या तरी बांध त्याला." रविवारी मामा ती स्वप्नं रंगवून सांगायचे, आम्ही आपापलं ओळखून हसायचो, आणि घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं. पण फोनवर शेवटी एक प्रश्न ठरलेला. "बरं. आणखी कोण होतं त्यात?"

मी म्हणायचे, "कुणी नाही, मामा." आता मला थाप मारवत नव्हती.

असं वर्षभर चाललं. एका रविवारी मामांनी चहा हातात घेतला आणि काही न रंगवता, अडखळत सांगायला लागले. "मी दुकान बंद करत होतो. बुधवारातली सगळी गर्दी होती, पण तिला आवाज नव्हता. पलीकडच्या फुटपाथवर ती उभी. हातात भाजीची पिशवी. मी म्हटलं, थांब, आलोच. तर शटर खाली येईना. मी ओढतोय, ओढतोय. ती म्हणाली, अहो, सावकाश या. मला घाई नाही."

आईने नंदूकडे बघितलं. नंदूने माझ्याकडे. मी मान हलवली. माझं नव्हतं. त्यांचंही नव्हतं.

"असे एकमेकांकडे काय बघताय?" मामा म्हणाले. "हे माझं आहे."