अंधार सोडणारे उंदीर

नाशिकच्या कॉलेजात मी औषधशास्त्रात पीएच.डी. करत होते, तेव्हा पंचवटीतल्या घरी आईचा रोज एकच प्रश्न असायचा, "झालं का गं तुझं औषध?" तिची कंबर इतकी दुखायची की भाजी निवडायलाही बसवत नसे. आमचं औषध मॉर्फिनच्या जातीचं. दुखणं तेवढंच थांबवणार आणि व्यसन लावणार नाही, असा आमचा दावा. म्हणजे माझ्या गाइड सरांचा.

दावा तपासायला उंदीर होते. गरम पत्र्यावर ठेवलं की साधा उंदीर लगेच पंजे चाटू लागतो, औषध दिलेला उशिरा. या परीक्षेत आमचं औषध मॉर्फिनच्या तोडीस तोड उतरलं. सरांनी पेढे वाटले.

दुसरी परीक्षा व्यसनाची, दोन खोल्यांच्या पेटीतली. एका खोलीत औषध टोचायचं, दुसरीत नुसतं सलाइन. असे काही दिवस गेले की काहीच न टोचता मधलं दार उघडायचं आणि उंदीर कुठे जाऊन बसतो ते पाहायचं. मॉर्फिनचे उंदीर औषधाच्या खोलीत जाऊन बसले. आमचेही तिथेच.

"अगं, ती खोली काळी आहे," सर म्हणाले. "उंदरांना अंधार आवडतोच. पेपरात फक्त दुखण्याचं लिही."

माझं डोकं फिरलं. नवे उंदीर घेतले आणि या वेळी औषध पांढऱ्या, लख्ख उजेडाच्या खोलीत दिलं. मग सरांना समोर बसवूनच दार उघडलं. नुसत्या सलाइनवरचे उंदीर अंधारातच थांबले. औषधाचा उंदीर मात्र उजेडात आला आणि तिथेच बसून राहिला. त्याच्यामागचाही तसाच.

"हे छापलंस तर औषध संपलं," सर म्हणाले. "आणि तुझी डिग्रीही."

"संपू दे, सर. अर्धवट पेपरावर माझं नाव येणार नाही."

घरी आले तर आईचा प्रश्न तयारच. मी सगळं सांगून टाकलं. तिने कंबर चोळत विचारलं,

"पण दुखायचं थांबतं ना त्याने?"

"थांबतं."

"मग मला दे की! या वयात मला कसली चटक लागतेय?"

मला तिचा राग आला आणि रडूही आलं, कारण तिचं काही चुकत नव्हतं. तरी मी हटले नाही.

"बाजारात आलं तर देईन, आई. पण चटक लागते असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं असेल, तरच."