फट्ट झालं तरी चालूच!

मी लॅबमध्ये प्लास्टिकची फिल्म बनवून राह्यली. भाजीच्या पन्नीहून किती तरी पातळ! तिचा कपॅसिटर बनते. तो वीज साठवून धरते अन् पाह्यजे तवा एका झटक्यात सोडते. फिल्म जितकं जास्त व्होल्टेज सहन करन, तितकी जास्त वीज इवल्याशा जागेत मावन. घरी कुरखेड्याले हे सांगतलं तं बाबा म्हणाले, "मंजे विजेची बोडी?" बोडी मंजे गावातलं लहान तळं, बाबा तिथीच मासे धरतात. मी म्हटलं, हो बाबा, एकदम तसंच!

पण माझी हरेक फिल्म फुटे. व्होल्टेज चढवलं का फट्ट! बारीक भोक पडे, वीज पोचवाले दोन्ही बाजूनं लावलेली चांदीची पेस्ट भोकातून एकमेकीले भिडे, अन् वीज सरळ आरपार. खेळ खतम. शेवटी माझ्या गाइड मॅडम बोलल्या, "बेटा, आता एकच चान्स. नाई टिकली तं माती तपासायचा विषय घे."

मातीवर माझा काही राग नाई. पण मले रडूच आलं ना!

यावेळी मी पेस्ट सोडली. नागपूरले जाऊन फिल्मवर अल्युमिनियमचा एकदम पातळ थर चढवून आणला. बसमध्ये डबा मांडीवर धरून बसली, जसे काही त्यात अंडेच आहेत.

टेस्टले लॅबमधली मैत्रीण मीटरपाशी, मी बटणापाशी, मॅडम मागं उभ्या. व्होल्टेज चढवत गेली. जुन्या फिल्म जिथी फुटत, तो आकडा पार! मी नाचणारच होती, अन्...

फट्ट!

मी डोळेच मिटले. गेलं. आता माती, माती अन् माती. बटणाकडं हात नेला तं मैत्रिणीनं मनगटच पकडलं. "काऊन वं, बंद काऊन करून राह्यली? मीटर पाय ना!"

आकडा जिथचा तिथीच!

"थर पातळ आहे ना," मॅडम वाकून पाहत म्हणाल्या. "ठिणगीनं भोकाभोवतीचा थर जळून गेला. भोक एकटं पडलं, बाकी फिल्म चालू."

अवं बाई, हे तं मी परीक्षेत लिहलं होतं! डोळ्यासमोर झालं तं ओळखलंच नाई! आणखी चढवलं. पुन्हा फट्ट, पुन्हा चालू! मी तं टाळ्याच वाजवल्या.

"माती वाचली बिचारी," मॅडम हसल्या. "कर तुझीच फिल्म."

बाबाले लगेच फोन लावला. "बाबा, फाटली तरी चालू आहे! आपली आपण सावरते!"

बाबा जाळं शिवत बसले होते. "अस्सं? मंग पोरी, वीज राहू दे बाजूले. पहिले त्याचं जाळं बनव. इथी खेकडे रोज फाडून राह्यले."