पाळीवरची हाक

आमच्या इंग्रजीच्या सरांना 'कॉल' या क्रियापदाचं भारी कौतुक. खडू सिगारेटसारखा दोन बोटांत धरायचा, मान तिरपी करायची आणि नाकातून म्हणायचं, "व्हेरी रिच वर्ब, व्हेरी रिच." बोलावणं म्हणजे कॉल, ओरडणं म्हणजे कॉल. फोन लावणं, नाव देणं, कुणाच्या घरी भेटून येणं, पंचानं आऊट ठरवणं, सगळं कॉलच. वर समानार्थी शब्द निराळे: शाउट, क्राय, समन. प्रत्येकाचं वाक्य करून आणा म्हणाले.

मी हा सगळा तास, सरांच्या नाकासकट, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, केवळरामभाऊंना करून दाखवला. ते जाळं सांधत बसले होते. हसता हसता त्यांना ठसका लागला. मग तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकून म्हणाले, "गरीब भाषा दिसते बाप्पा. घरात एकच गंज. त्यातच भात रांधा, अन् त्यातच आंघोळीचं पानी तापवा."

केवळरामभाऊ ढिवर, आमचे शेजारी. पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात मासे बरेच जण धरतात, पण भाऊंना लोक ओळखायचे ते आवाजामुळे. एका शब्दावर भागवणं त्यांना जमलंच नसतं. जाळं ओढताना या काठावरून त्या काठाला जायची ती हाळी. धानात डुक्कर शिरलं की आरोळी, तिनं डुकराबरोबर झोपलेली पोरंही उठायची. लग्नाचं आवतन द्यायला दारोदार फिरत तेव्हा घशाला गूळ लावल्यासारखा आवाज. मला हे सगळे आवाज काढता यायचे आणि भाऊ मुद्दाम चारचौघांत काढायला लावायचे.

हाक मात्र त्यांनी जंगलासाठी राखून ठेवली होती.

उन्हाळ्यात बाया मोहफुलं वेचायला आणि पुढं तेंदूपत्ता तोडायला पहाटेच जंगलात जातात. शेजारच्या गावातली एक बाई मोह वेचता वेचता वाघानं ओढून नेली. तेव्हापासून भाऊ पाळीवर उभे राहू लागले. ऊन चढलं की एक लांब हाक, म्हणजे घरी या. दोन तुटक हाका, म्हणजे एका जागी जमा, जनावर जवळ आहे. नाव कुणाचंच घ्यायचं नाही. जंगलात नावानं बोलावू नये, ऐकणारे दुसरेही असतात, असं आमच्याकडे मानतात. आतून एकेक बाई 'हूऽ' करून उत्तर द्यायची. शेवटचं उत्तर येईस्तोवर भाऊ खाली बसत नसत. त्यांची बायको वच्छलाबाई परतणाऱ्या घोळक्यात सगळ्यांत पुढं असायची, म्हणून बाकीच्या बाया तिला चिडवायच्या, "जाय वो लवकर, तुह्या नवऱ्याचा घसा सुकून राह्यला."

दिवाळीच्या सुमारास भाऊंचा आवाज बसला. बायांनी खर्र्याला दोष दिला, भाऊंनी थंडीला. थंडी गेली, आवाज तसाच राहिला. पाणी गिळताना ते डोळे मिटून घेऊ लागले, तेव्हा वच्छलाबाईनं ऐकलं नाही, नागपूरला नेलं. मूलबाळ नाही. पोट्ट्याला इंग्रजी येते असा दोघांचा गैरसमज, म्हणून सोबत मी.

डॉक्टर तरुण होते. दर वाक्याला चष्मा वर सरकवून "ओके?" म्हणायचे. गाठ स्वरयंत्रावर आहे, ओके? पूर्ण काढावं लागेल, ओके? जीव वाचेल, पण बोलता येणार नाही. श्वास गळ्याच्या भोकातून घ्यायचा, ओके? नाही काढलं तर मग काही सांगता येत नाही. शेवटी मराठी सोडून ते म्हणाले, "इट इज युअर कॉल."

तेवढा एक शब्द भाऊंनी पकडला. बाहेर बाकावर बसल्यावर मला विचारलं, कोणता कॉल म्हणत होता तो? मी सांगितलं की ठरवणं म्हणजेही कॉल. निर्णय तुमचा, असं म्हणाले.

भाऊ त्या फाटक्या आवाजात म्हणाले, "आवाज काढून नेतो म्हणते, अन् वरून कॉल तुमचाच म्हणते."

मला हसू आलं. तेही हसले. वच्छलाबाई हसली नाही.

भाऊंनी ऑपरेशनला नाही म्हटलं. कारण विचारलं तर तिच्याकडं बोट दाखवून म्हणाले, "मंग हिले जंगलातून बलावीन कोन?"

"मी जातच नाई जंगलात," ती म्हणाली. "तुमी राहा."

तेंदूच्या कामाशिवाय त्यांचा पावसाळा निघत नाही, हे दोघांनाही माहीत होतं आणि मलाही. पण ती एवढं बोलून तोंडाला पदर लावून बसली, आणि भाऊ उठून आत गेले, डॉक्टरांना हो सांगायला.

तेंदूचा हंगाम लागला तेव्हा भाऊ घरी आले होते. गळ्याच्या भोकावर पातळ फडकं बांधलेलं. वच्छलाबाई दोन दिवस घरी राहिली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे बायांसोबत गेली. ऊन चढायच्या आत भाऊ आमच्या दारात उभे. मला पाळीवर नेलं. आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग माझ्या छातीवर, मग जंगलाकडं बोट.

मी हाक मारली. त्यांचीच हाक, त्यांच्याच आवाजात. इतकी हुबेहूब कधीच जमली नव्हती. भाऊंनी डोळे मिटून ऐकली. आतून 'हूऽ' आलं, मग दुसरं, तिसरं. मी खुशीत त्यांच्याकडं पाहिलं. ते बोटं दुमडून मोजत होते. एक बोट तसंच राहिलं.

वच्छलाबाईनं उत्तर दिलंच नव्हतं. ती धावत सुटली होती. झुडपांतून बाहेर आली तेव्हा पानांचा भारा कुठंतरी टाकलेला, पदर काट्यांनी फाटलेला. माझ्याकडं तिनं पाहिलंच नाही. सरळ भाऊंसमोर येऊन उभी राहिली आणि त्यांच्या तोंडाकडं बघू लागली. भाऊंनी काहीतरी सांगायला ओठ हलवले. गळ्यावरचं फडकं तेवढं फडफडलं.

ती तिथंच मातीत बसली. बाकीच्या बाया मागून आल्या आणि डोक्यावरचे भारे उतरवू लागल्या.

"उलीसक वाटलं मले, ह्यांचा आवाज वापस आला," ती म्हणाली. मग, माझ्याकडं न पाहता, "हाकेच्या शेवटी आवाज खाली उतरते ना, ते माह्यासाठी होतं. ते बी काढलं तू, बाबू."

मला तोवर वाटायचं, तिथं त्यांचा दम संपतो.

"आता नोको काढत जाऊ," ती म्हणाली. रागावली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ पाळीवर तेलाचा रिकामा पिपा वाजवतात. बाया ऐकतात, येतात. वच्छलाबाई मात्र बायांसोबत आत जात नाही. पाळीवर उभे असलेले भाऊ दिसतील, तिथवरच जाते. तिथली पानं गावातल्या पोरांनी आधीच खुडून नेलेली असतात. ती फांदी वाकवते, मिळतात तेवढी काढते, आणि मान वर करून पाळीकडं पाहते. भाऊ हात वर करतात. ती पुढच्या झुडपाकडं वळते, तिथंही फारसं काही नसतं.