वामच्या पोटात

माझा धाकटा भाऊ रत्नागिरीला एका ट्रॉलरवर खलाशी आहे. त्याच्याआधी आमच्या केडगावच्या घरातलं कुणी समुद्रावर गेलं नव्हतं. मासा म्हणजे धरणातला कटला नाहीतर रोहू, एवढंच आम्हाला ठाऊक. गेल्या नाताळला तो आला तो थर्माकोलच्या खोक्यात, बर्फात घातलेली वाम घेऊन. सापासारखी लांब, अंगावर खवला नाही, जबड्यात मात्र दातांच्या रांगा.

अंगणातल्या नळापाशी तो ती साफ करायला बसला. बुळबुळीत अंग हातात धरवेना म्हणून मी राख आणून दिली.

"ही खाते तरी काय?" मी सहज विचारलं.

"कोळंबी, खेकडे, बारके मासे. दिवसभर तळाच्या चिखलात पडून ऱ्हाते, नुसतं तोंड बाहेर. अंधारलं की निघते. चावत बसत न्हाई ताई, आख्खं गिळते. जाळ्यात घावली तरी शेजारच्या माशाला सोडत न्हाई."

पोट चिरल्यावर डोक्याकडून गिळलेला एक मासा निघाला. त्याची शेपटी अजून चकाकत होती. मागोमाग काळपट गोळा आला. भाऊ तो सुरीच्या टोकाने हळूहळू उलगडू लागला. आत खेकड्याची नांगी दिसली, तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

"काय शोधतोयस?"

"आमच्यातला एक जण बोटीवरून पडला. घावलाच न्हाई." तो हात धुऊ लागला. "तवापासून तळाचा मासा चिरला की बघतो मी."

आई दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"ह्यो मासा माझ्या चुलीवर चढायचा न्हाई," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "परत जानार हायस?"

"जावं लागंल. दुसरं काय येतंय मला?"

त्याने अंगणातच विटा मांडल्या, कालवण केलं आणि एकट्यानेच जेवला. मला वाटलं होतं, त्याला घास उतरणार नाही. पण तो शांतपणे, काटा न् काटा चोखत खात होता. आई आत जाऊन बसली. मला त्याच्याकडे बघवेना.

नवं वर्ष लागताच तो गेला. बोट बंदराला लागली की तो आईला फोन करतो. या खेपेची बोट परवाच यायची होती. आई सकाळपासून मला त्याचा नंबर लावायला सांगते आहे, आणि प्रत्येक वेळी तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.