काकांची नाटकाची वही

पेडण्याच्या स्टँडवर मी कोल्हापूरच्या गाडीत बसलो, तेव्हा बाबा खिडकीशी उभे होते आणि विष्णूकाका रस्त्यापलीकडे, पोदेराच्या पाव-भट्टीच्या दुकानापाशी. सख्खे भाऊ, पण दोन वर्षं एकमेकांशी अबोला. बाबा कंडक्टरशी बोलायला पुढे गेले तेवढ्यात काका दुसऱ्या बाजूने आले आणि गरम उंड्यांची पुडी खिडकीतून माझ्या मांडीवर टाकली. "पुता, वाटेर खा. दादाक सांगूं नाका." बाबा परतले तेव्हा ताज्या पावाचा वास गाडीभर सुटला होता. त्यांनी काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "मराठीचो मास्तर जातलो तूं. नांव राख."

तुमच्यापैकी जे गावात राहिले आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना आमच्या घराची तऱ्हा वेगळी सांगायला नको. आम्ही भांडायचो कोकणीत आणि पत्रं लिहायचो मराठीत. जनगणनेचा माणूस आला की बाबा त्याला ठणठणीत कोकणीत सांगत, "आमची मातृभास मराठी, बरय!" तो तसं लिहून घेई; यात कुणाला काही वावगं वाटत नसे. देवळाच्या उत्सवात ऐतिहासिक नाटक व्हायचं, त्यात बाबा राजे आणि काका पडद्यामागे वही धरून. "अरे, फाटीं सर! तोंड लोकांक दाखय!" असं तालमीत ओरडणारे बाबा पुढच्याच क्षणी अस्सल दरबारी मराठी बोलत. अडखळले की काकांचा हळू आवाज यायचा आणि राजे सावरायचे.

मग गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, हा वाद पेटला. काका म्हापशाच्या कोकणीवाल्यांच्या मोर्चात जाऊन आले. बाबा मराठीच्या सभेत पहिल्या रांगेत. त्या वर्षी बाबांनी काकांकडून वही काढून घेतली आणि माझ्या हातात दिली.

दिवेलागणीला नाटक सुरू झालं. काका रागावून घरी बसतील असं वाटलं होतं, पण ते कनातीच्या कडेला येऊन उभे राहिले. गडाच्या प्रवेशात बाबा अडकले. मी घाबरून पान उलटलं ते भलतंच निघालं. वाक्याचा अर्थ मला पाठ होता, शब्द सुचेनात. तोंडातून कोकणीतच निघून गेलं, "जीव वचूं, पूण गड दिवचो ना!" आणि राजांनी तलवार उपसून तेच, शब्दन् शब्द, गावासमोर ठणकावलं. मग असा हशा उसळला की पेटी वाजवणाराही थांबला.

पडदा पडल्यावर बाबा थेट काकांकडे गेले. "मुद्दाम केलेंस!" काका माझ्याकडे बघत उभे राहिले. नाही म्हणाले नाहीत. मीही तोंड उघडलं नाही. वीस वर्षांचा घोडा होतो, लहान नव्हतो.

पुढे कोकणी राजभाषा झाली, मराठीला शेजारची खुर्ची मिळाली, गोवा घटक राज्य झालं. त्या दिवशी शेजाऱ्यांनी दिलेला पेढा बाबांनी मेजावर तसाच ठेवला. कोल्हापुरात माझं पहिलं मराठी वाक्य ऐकून वर्ग खुदकन हसला आणि शिक्षक-खोलीत विचारणा झाली, "तुम्ही कोकणी ना?" ज्या भाषेपायी आमचं घर फाटलं, तिच्या मुलखात मी कायमचा गोव्याचा पाहुणा. चिडण्याचीही आता ताकद नाही. बाबा गेले तेव्हा काका स्मशानात सगळ्यांत मागे उभे होते. मी तेव्हाही बोललो नाही.

गेल्या वर्षी एका लांबच्या प्रवासातून परस्पर गावी जायला मोप्याच्या नव्या विमानतळावर उतरलो. सामान हलवणारा मुलगा गडहिंग्लजचा निघाला. माझं बोलणं ऐकून म्हणाला, "पाव्हणं, तुम्ही आमच्याकडचंच की!" मी हो म्हटलं. दमलो होतो.

घरी पोचलो तेव्हा काका जनेलाच्या गजांशी, कदेलावर पाठ टेकून बसले होते. खूप वाळलेत. मी बसता बसताच सांगून टाकलं, काका, त्या दिवशी नाटकात तो आवाज माझा होता. तुम्ही का नाही सांगितलंत?

काका बराच वेळ हसले, मग खोकले. "दादाक तुजो आवाज वळखूंक येना आशिल्लो? बापूय तो तुजो. तुजेर राग करपाक ताका जमूंक ना, म्हूण म्हजेर केलो."

"आणि तुम्ही तो घेतलात?"

"कितें करतलों? तूं भायर वचपी. तो आनी हांव हांगाच रावपी."

मला रडू आलं. जाणाऱ्याने बापाचा राग घेऊन जाऊ नये, एवढाच काकांचा हिशोब होता. सगळ्या गोव्यानं बाजू निवडल्या तेव्हा या दोघांनी, एकमेकांशी न बोलता, मला वाचवायचं तेवढं मात्र एकमताने ठरवलं होतं. त्यासाठी मी त्यांना एकमेकांना गमावू दिलं.

घर कुठलं, असं हल्ली कुणी विचारलं की मी पेडणे सांगतो. भाषा विचारली तर विषय बदलतो. निघताना काकांनी उशाखालून ती वही काढून दिली. त्या उत्सवानंतर बाबांनीच ती परत त्यांच्या दारात ठेवली होती म्हणे, हाक न मारता. गडाच्या प्रवेशाचं पान तेव्हापासूनच दुमडलेलं होतं.